भातकापणीला जाताना आधी पूर्ण बाह्यांचे शर्ट

दापोलीजवळच्या एका शेतावर भातकापणीला बाहेरची कुटुंबंही येतात. कापायचं, झोडायचं, शेतातच जेवायचं. गेल्या खेपेला आम्ही पाच जण गेलो आणि मी शर्ट नेले नाहीत. ऑक्टोबरचं ऊन आहे म्हणून पोरांना बिनबाह्यांचे कपडे घातले आणि तो सगळा दिवस खराब केला. या वर्षी पुन्हा जातोय, म्हणून हे लिहून ठेवते. कुणी पहिल्यांदा जात असेल तर वाचा.

पिशवीत सगळ्यात आधी पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट. माणशी एक. आजी सावलीत बसणार असल्या तरी त्यांच्यासाठीही. भाताची पात लांबून मऊ दिसते, पण तिच्या कडांवर सिलिकाचे बारीक काटे असतात. बोट उलटं फिरवलं की करवतीसारखं लागतं. कापताना ओरखडे जाणवत नाहीत, घाम त्यांत उतरला की चुरचुरायला लागतात. त्यात लोंब्यांची कूस, म्हणजे दाण्यांवरची बारीक काटेरी लव. ती मानेवर आणि कोपराच्या घडीत जाऊन बसते, झोडणी सुरू झाली की हवेतही उडते. माझी लेक हौसेने पेंढ्या कवेत घेऊन खळ्यावर, म्हणजे झोडणीच्या जागेवर, नेत होती. संध्याकाळी दोन्ही हात खांद्यापर्यंत लाल. रात्रभर खोबरेल लावत बसले, ती झोपली नाही. टी-शर्ट चालत नाही. नायलॉनचं जाकीट तर नकोच, आत घाम साचतो. कॉलर असलेला, मनगटाला बटण लागणारा सुती शर्ट, आणि खाली सलवार किंवा पॅण्ट.

निघायच्या आठवडाभर आधी शेतावर फोन करा आणि कुठलं भात कापताहेत ते विचारा. हळवं भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार होतं, निमगरवं त्यानंतर, गरवं नोव्हेंबरपर्यंत उभं असतं. नुसती नवान्न पौर्णिमेची तारीख बघून तिकीट काढू नका. आदल्या दिवशी पुन्हा फोन. पाऊस पडला असेल तर कापणी थांबते. कापलेलं भात वाळण्यासाठी वाफ्यातच पसरून ठेवतात, ते भिजलं तर लोंबीतल्या दाण्यालाच मोड येतात. कोकणातल्या शेतकऱ्याने हे नुकसान खूप वेळा सोसलंय. आपली सुट्टी वाया जाते म्हणून त्यांच्यामागे घाई लावायची नाही.

रेल्वेने खेडला उतरायचं, पुढे एसटी किंवा रिक्षा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ऑक्टोबरात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असू शकतं, तेव्हा पाठ असलेल्या वेळेवर जाऊ नका, तपासा.

मुंबईतून पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरला परततो, पण ती सरासरी आहे. सकाळी कडक ऊन आणि तीनच्या सुमाराला गडगडाट, हे या दिवसांत नेहमीचं. मोबाइलवर दामिनी ॲप घ्या, विजेची सूचना देतं. गडगडलं की वाफ्यातून सरळ घरात. झाडाखाली नाही, मांगरात (शेतावरच्या खोपटात) नाही. छत्री आणि टोपी सांगायला नकोच. शर्ट मात्र सांगते: घरातून अंगात घालूनच निघा. बॅगेच्या तळाशी ठेवला तर मुलं तोवर शेतात पोचलेली असतात.

पायांत गमबूट, नाहीतर घोट्यापर्यंतचे बूट. चपला अजिबात नाही. कापून पसरलेल्या भाताखाली, बांधाच्या दगडांत फुरसं, हा विषारी साप, असू शकतं. ते वीतभर दिसतं म्हणून मुलं गांडूळ समजून हात घालतात. पेंढी उचलताना खाली बोटं घालायची नाहीत, आधी काठीने हलवायची. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते पोचल्याबरोबर विचारून ठेवा, तिथे सर्पदंशावरची लस आहे का तेही. १०८ नंबर मोठ्यांच्या फोनमध्ये असू द्या. कुणाच्या पायाला जखम असेल तर त्याने चिखलात उतरू नये, लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका खरा आहे. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना शेतात गेल्याचं आपणहून सांगा.

घरच्यांनी शेताला नारळ ठेवला नसेल तोवर विळा लावायचा नाही. थांबा, मुलांनाही थांबवा. विळा शेतावरचाच घ्या. बहुतेक ठिकाणी दातेरी वैभव विळा असतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. हलका आहे, जमिनीलगत कापता येतं. आणि लगतच कापायचं, कारण धसकटात (कापून उरलेल्या बुडख्यात) खोडकिडा राहतो. दहा वर्षांखालच्यांच्या हातात विळा नको, त्यांना पेंढ्या बांधायला द्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. पेंढ्या कवेत घ्याव्या लागतात, सगळं तिथेच होतं.

खळ्यात मात्र पायांतलं काढूनच जा. दारावर नवं, म्हणजे नव्या भाताचं तोरण, बांधायला लोंब्या हव्या असतील तर मागून घ्या, उपटू नका. आंब्याची पानं, झेंडू, कुरडू बांधावर मिळतात, तेही विचारून.

जेवण तिथेच. पेज, भाकरी, कुळथाची पिठी, जे असेल ते. डबे नेऊ नका, मुलं मग तिथलं खात नाहीत. पाणी न्या.

रोख पैसे, कारण नेटवर्क नसतं. तांदळाला कापडी पिशवी. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, पहिला भात गचका होतो.

परतीची गाडी संध्याकाळची घेऊ नका, रात्री राहा. आंघोळ आधी, मग जेवण. शर्ट वेगळ्या पिशवीत बांधून आणा आणि वेगळेच धुवा, दोन पाण्यांत. बाकीच्या कपड्यांत टाकलेत तर कूस सगळ्यांना लागते.