ब्लोअर मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

घर गरम किंवा थंड करणाऱ्या यंत्रणेतून हवा कमी यायला लागली की पहिला संशय ब्लोअर मोटरवर जातो. हवा ढकलायचं काम तिचं, म्हणून दोषही तिचाच, असा सरळ हिशेब. मोटर बदलली जाते, काही महिने बरे जातात आणि नवी मोटरही तशीच तापून बंद पडते. पहिली कशाने गेली हे कुणी विचारलेलंच नसतं. मला या मोटरची बाजू घ्यावीशी वाटते ती म्हणूनच. तिच्या माथी मारलेल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हवेच्या वाटेत असतं. फिल्टर, कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची जाळी), डक्ट (हवा खोल्यांपर्यंत नेणारे बोगदे) आणि खोल्यांतल्या झडपा हे सगळं पाहून झाल्यावरच मोटरकडे वळावं.

आवाज चढला म्हणजे जोर लागतोय, असं समजणं

फिल्टर तुंबला की मोटरला जास्त जोर लावावा लागतो आणि ती जास्त वीज खाते, असं जवळजवळ सगळेच मानतात. जुन्या, कपॅसिटरवर (वीज साठवून मोटरला फिरायला मदत करणारा भाग) चालणाऱ्या साध्या मोटरबाबत गोष्ट उलटी आहे. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर तळहात ठेवून पाहा, आवाज एकदम चढतो. हवा आत येईनाशी झाली की पंख्याला ढकलायला काही उरत नाही, त्याचा भार हलका होतो आणि तो वेगाने फिरायला लागतो. ब्लोअरच्या पिंजऱ्यासारख्या गोल चाकाचंही तसंच होतं. हवा अडली की मोटरचा करंट वाढण्याऐवजी कमी होतो.

मग मोटर तापते ती कशाने? कारण तिला थंड ठेवणारी हवाही तीच असते. मोटर चाकाच्या मधोमध, हवेच्या झोतात बसवलेली असते. झोत आटला की तिची उष्णता वाहून न्यायला कुणी उरत नाही. म्हणून मीटर लावून करंट कमी दिसला, तर ‘मोटर मस्त आहे’ असा निष्कर्ष काढू नका. लेबलवरच्या आकड्यापेक्षा करंट बराच कमी आणि वारा मंद, ही वाट तुंबल्याची खूण आहे.

नव्या इलेक्ट्रॉनिक मोटरचं वागणं वेगळं. तिला ठरावीक हवा पोचवायचीच, असं शिकवलेलं असेल तर अडथळा वाढेल तसा ती वेग आणि जोर वाढवत नेते. इथे वीज खरोखर जास्त जाते आणि घोंघावणंही वाढतं. घरातल्या माणसाला वारा मात्र तसाच लागतो, त्यामुळे मोटर थकेपर्यंत तुंबलेल्या फिल्टरचा पत्ता लागत नाही. अशी मोटर असेल तर फिल्टर वारा कमी होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी तपासायचा.

दाट फिल्टर आणि बंद झडपा

थंडाव्यासाठी यंत्रणेच्या क्षमतेच्या दर टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा कॉइलवरून जायला हवी. पुष्कळ घरगुती यंत्रणांमध्ये ब्लोअरने बाहेरच्या वाटेतला 0.5 इंच वॉटर कॉलमपर्यंतचा (पाण्याच्या उंचीत मोजलेला) दाब सोसावा, असं धरलेलं असतं. ही शिदोरी फार मोठी नाही. जास्त धूळ पकडतो म्हणून पातळ जागेत दाट विणीचा फिल्टर कोंबला, तर तो एकटाच तिचा मोठा वाटा खातो. बारीक गाळणी हवीच असेल तर जास्त जाडीचा, जास्त घड्यांचा फिल्टर बसेल अशी जागा करून घ्या.

न वापरलेल्या खोल्यांच्या झडपा बंद करून वीज वाचते, हा समजही इथेच महागात पडतो. दाब वाढतो, डक्टच्या सांध्यांतून गळती वाढते आणि कॉइलवरची हवा घटते. थंडाव्याच्या दिवसांत कॉइल शून्य अंशाखाली जाऊन बर्फ धरते. तो बर्फच हवेला आडवा येतो, मग आणखी बर्फ. अशा वेळी थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. सुरी-स्क्रूड्रायव्हरने खरवडायला गेलात तर कॉइलला भोक पडेल.

हीटिंगमध्ये, म्हणजे भट्टीने घर गरम करताना, हीच चूक वेगळ्या रूपात भेटते. उष्णता वाहून जात नाही म्हणून लिमिट स्विच (भट्टी फार तापली की उघडणारा सुरक्षा स्विच) बर्नर बंद करतो, ब्लोअर मात्र फिरत राहतो आणि घरात गार वारा येतो. लोक म्हणतात, ब्लोअर बिघडला. तो तर भट्टी थंड करून तिला वाचवत असतो! लिमिट स्विच वारंवार बर्नर बंद करतोय म्हणून तो वायरने जोडून टाकणं ही या लेखातली सर्वांत धोकादायक चूक. भट्टीच्या आतला धातू तडकला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरण्याची वाट मोकळी होते.

नुसती गुणगुण, फिरणं नाही

पुरवठा मेन स्विचपासून बंद करा आणि चाक हाताने फिरवून पाहा. सहज फिरलं तर संशय कपॅसिटरवर. अडकत किंवा खरखरत फिरलं तर बेअरिंगवर. साध्या मोटरसाठी ही कसोटी उत्तम आहे. इलेक्ट्रॉनिक मोटरमध्ये मात्र कायमचुंबक असतात, त्यामुळे हाताने फिरवताना हलके टप्पे जाणवतात. ते बेअरिंगचं दुखणं नव्हे. केवळ त्यावरून चांगली मोटर टाकून देऊ नका.

कपॅसिटर बंद पुरवठ्यातही झटका देऊ शकतो. विजेच्या कामाची सवय नसेल तर तो जाणकारालाच हाताळू द्या. त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, ‘जवळपास’ चालत नाही. 10 मायक्रोफॅरड ±6 टक्के लिहिलं असेल तर मोजमाप 9.4 ते 10.6 मध्ये आलं पाहिजे. व्होल्टेजचं गणित वेगळं: 370 च्या जागी 440 व्होल्टचा चालतो, 440 च्या जागी 370 चा नाही. मोटर नवी बसवताना कपॅसिटरही नवा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. थकलेल्या कपॅसिटरवर नवी मोटर पहिल्या दिवसापासून तापते.

इलेक्ट्रॉनिक मोटरच्या पाठीवर तिला चालवणारं वेगळं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि पुष्कळदा तेवढंच गेलेलं असतं. बऱ्याच रचनांमध्ये तिला पुरवठा कायम मिळतो आणि ‘फिर’ हा हुकूम वेगळ्या तारांतून येतो, म्हणून प्लगवर व्होल्टेज आहे एवढ्यावरून मोटर मेली असं ठरत नाही. चालू पुरवठ्यात प्लग ओढू नका. बंद केल्यावरही किमान 5 मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. बसवताना तारांना खाली झोळ द्या, म्हणजे कॉइलचं पाणी तारेवरून मॉड्यूलमध्ये ओघळणार नाही.

चाकावरची धूळ

फिल्टर वेळेवर बदलणारेही इथे चुकतात. चाकाची पाती छोट्या पळ्यांसारखी वळलेली असतात आणि त्या खोलगटपणातच त्यांचं सामर्थ्य असतं. धुळीचा थर बसला की पळी सपाट होते आणि मोटर ठणठणीत असूनही वारा मरतो. साफ करताना पात्यांवर चिकटवलेल्या वजनाच्या बारीक चिपा काढू नका. त्या तोल साधण्यासाठी असतात. तेलाची छिद्रं असलेल्या जुन्या मोटरलाच थेंबभर, विजेच्या मोटरसाठीचं तेल द्यावं. गंज सोडवणारा फवारा हे वंगण नव्हे, आणि सीलबंद बेअरिंगला कशाचीच गरज नसते.

पंखा चोवीस तास

दमट हवेत थंडाव्यासोबत पंखा सतत चालू ठेवला, तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि खोली चिकट वाटते. ‘ऑटो’ ठेवा.

नवी मोटर, पण वारा कमीच

आता मोटर खरंच बदलली आहे असं समजू. साध्या मोटरला वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळ्या तारा असतात. न वापरलेल्या वेगांच्या तारा मोटर फिरताना जिवंत असतात, म्हणून प्रत्येकीचं टोक वेगवेगळं झाका. दोन वेगांच्या तारा एकत्र पिळल्या तर मोटर जळते. आणि चाक कोणत्या दिशेने फिरतंय ते पाहा. उलटं फिरणारं चाकही हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतं, फक्त फारच थोडी, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. चाकाभोवतीच्या कवचावरचा बाण शोधा आणि मोटर थांबता थांबता, चाक मंदावलेलं असताना फिरण्याची दिशा त्याच्याशी जुळवून बघा. जुळली नाही, तर बहुतेक मोटरवर दिशा बदलण्याचा छोटा प्लग दिलेला असतो. पुरवठा बंद करून तो उलटा लावला की झालं.