चष्मा कसा करून घ्यावा: आधी डोळे, मग अंतर, मग फ्रेम

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि पुढे कोणत्याही दुखण्यासाठी ‘मिरजेला दाखवून या’ असे सांगणे सांगली जिल्ह्याच्या अंगवळणी पडले. चष्म्याच्या बाबतीत मात्र हीच माणसे आठवडी बाजारात मांडलेला तयार चष्मा उचलतात, वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला की पैसे देऊन मोकळी होतात. तात्पुरते वाचण्यापुरता असा चष्मा चालतो. पण त्याच्या दोन्ही भिंगांचा नंबर सारखाच असतो, तिरका नंबर (डोळ्याची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसल्यास लागणारा ‘सिलिंडर’ नंबर) त्यात नसतो, आणि मुळात अंधुक का दिसू लागले हा प्रश्न तसाच राहतो.

सुरुवात घरीच करावी. दूरचा नंबर असल्यास चष्मा लावून, एकेक डोळा तळहाताने न दाबता झाकावा आणि समोरच्या खिडकीचे गज पाहावेत. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे एका डोळ्याची नजर कमी झाल्याचे कित्येकांना महिनोन्महिने कळत नाही. गज वाकडे किंवा मध्येच तुटलेले दिसत असतील, तर दोष डोळ्याच्या मागच्या पडद्यात (रेटिनात) असू शकतो आणि तो चष्म्याने जाणारा नाही. डोळ्यांपुढे अचानक चमका येणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे, बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, किंवा डोळा लाल होऊन डोकेदुखी व उलटीसह दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

नजर सुधारल्यासारखी वाटली तरीही तपासणी टाळू नये. माझी आई सत्तरीत चष्मा बाजूला ठेवून पोथी वाचू लागली, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला होता. वर्षभराने दूरची माणसे ओळखू येईनात म्हणून दाखवले, तर मोतीबिंदू निघाला. या प्रकारात डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, नंबर उणेकडे सरकतो आणि काही काळ जवळचे विनाचष्म्याचे दिसू लागते. आम्ही तो वेळ आनंदात घालवला, याची हळहळ अजून वाटते.

तपासणीला जाण्याआधी मधुमेह्यांनी साखर आटोक्यात आणावी. साखर चढ-उतार करत असताना भिंगातले पाण्याचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर नंबरही, त्यामुळे अशा दिवसांत केलेला चष्मा पुढे जुळत नाही. पडद्याची तपासणी मात्र त्यासाठी लांबवू नये. मधुमेह असल्यास ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी. चाळिशीनंतर डोळ्याचा दाबही मोजून घ्यावा, कारण काचबिंदू बहुधा न दुखता वाढतो आणि त्यात गेलेली नजर परत मिळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते व ऊन सहन होत नाही, म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे आणि परतताना स्वतः गाडी चालवू नये. खर्चाची अडचण असल्यास मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

आता अंतराविषयी. चष्मा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून हे काम घाई न करता करावे. नेहमीच्या जागी, नेहमीच्या पद्धतीने बसून, डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून टेपने मोजून घ्यावे आणि ते कागदावर लिहून तपासणीला न्यावे. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो तो साधारण ३५ सेंटीमीटरवर, आणि लगेच मान वर करून वजनकाट्यावरचे आकडे वाचतो ते ६५ सेंटीमीटरवर; नुसत्या वाचनाच्या चष्म्यातून त्याला हळकुंड स्पष्ट आणि आकडे पुसट दिसतात. ४० सेंटीमीटरवर पाहण्यासाठी डोळ्याला २.५० इतकी जादा ताकद लागते, ५० वर २.०० आणि ६६ वर जेमतेम १.५०. चाळिशीनंतर यातली थोडीच ताकद डोळा स्वतः देऊ शकतो, उरलेली भिंगाने द्यायची असते. सरसकट ‘जवळचा नंबर’ म्हणून भागत नाही ते यामुळेच.

चिठ्ठी हातात आल्यावर ती समजून घ्यावी. पहिला आकडा मूळ नंबराचा, दुसरा तिरक्या नंबराचा, ‘ॲक्सिस’ म्हणजे त्याची दिशा, १ ते १८० अंशांमध्ये, आणि ‘ॲड’ म्हणजे जवळसाठी वाढवलेला नंबर. दोन बाहुल्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. भिंगांचे मध्य या अंतराशी जुळले नाहीत, तर नंबर बरोबर असूनही डोके दुखते.

भिंगांच्या बाबतीत मोठा नंबर असल्यास पातळ भिंगे घ्यावीत, मुलांना आणि शेतात राबणाऱ्यांना पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या प्लास्टिकची, द्यावीत. ऊसतोडीत उसाच्या पात्याची धार डोळ्याला लागून बुबुळावर जखम होते आणि त्यात बुरशी शिरू शकते; अशा वेळी औषधाच्या दुकानातून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे म्हणजे डोळा गमावण्याची तयारी करणे होय. प्रोग्रेसिव्ह भिंगे (वर दूरचा आणि खाली जवळचा, असा हळूहळू बदलत जाणारा नंबर असलेली) घ्यायची असतील तर फ्रेमला पुरेशी उंची हवी, आणि निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून मगच दुकानदाराने बाहुलीच्या उंचीची खूण करायला हवी. फ्रेम नाकावरून घसरत असेल, तर ती खूण घेण्यात अर्थ नाही.

चष्मा ताब्यात घेताना तो हातभर लांब धरून भिंगातून खिडकीचा उभा गज पाहावा आणि चष्मा हळूहळू फिरवावा. तिरका नंबर असेल तर भिंगातला गज कलताना दिसतो. चिठ्ठीत चांगला तिरका नंबर आहे आणि गज हलतच नाही, असे झाले तर चष्मा परत करून भिंगे मशीनवर तपासून मागावीत. त्यानंतर मोजलेल्या अंतरावर स्वतःचेच काम ठेवून पाहावे: शिवण, वही, वजनकाट्याचा आकडा, जे असेल ते. नव्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि तोवर जिना उतरताना मान खाली करून वरच्या भागातून पायरी पाहावी. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला, तर चिठ्ठी, चष्मा आणि अंतर लिहिलेला तोच कागद घेऊन तपासणाऱ्याकडे परत जावे.