डिजिटल व्हिडिओ फाइलपासून साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालणारी डिस्क कशी तयार करावी

मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर चित्रित केलेली एमपी४ फाइल रिकाम्या डीव्हीडीवर जशीच्या तशी उतरवली, तर संगणकावर ती विनातक्रार चालते. पण साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातल्यावर ती डिस्क बहुधा वाचलीच जात नाही. अशा वेळी डिस्क किंवा प्लेअर खराब आहे असे समजण्याची घाई करू नये. डीव्हीडी १९९६ मध्ये बाजारात आली आणि तिच्यासाठी एमपेग-२ ही चित्रसंकोचनाची पद्धत ठरवण्यात आली. आजच्या बहुतेक फाइलींमध्ये वापरली जाणारी एच.२६४ पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली, त्यामुळे साध्या प्लेअरला ती उलगडता येत नाही. शिवाय प्लेअर डिस्कवर सुटी फाइल शोधत नाही. त्याला ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर हवा असतो, आणि त्यात प्रत्यक्ष चित्र व आवाज असलेल्या व्हीओबी फाइली, त्यांचा मार्ग दाखवणाऱ्या आयएफओ फाइली आणि आयएफओच्या राखीव प्रती असलेल्या बीयूपी फाइली ठरलेल्या रचनेत असाव्या लागतात. म्हणून फाइल एमपेग-२ मध्ये बदलणे, तिच्यापासून ही रचना उभारणे आणि मग ती डिस्कवर उतरवणे, अशी तीन कामे करावी लागतात.

त्याआधी प्लेअरवर ‘डिव्हएक्स’चे चिन्ह किंवा यूएसबीची खाच आहे का, ते पाहावे. असे प्लेअर बहुधा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड या चित्रसंकोचनाच्या पद्धतींच्या एव्हीआय फाइली थेट वाचतात आणि मग पुढचा बराच खटाटोप वाचतो. मात्र अशी डिस्क दुसऱ्या कोणाच्या प्लेअरवर चालेलच असे नाही. चित्रफीत इतरांना द्यायची असेल, तर खरी डीव्हीडी करणेच योग्य.

पहिला निर्णय पॅल की एनटीएससी, म्हणजे दूरचित्रवाणीच्या चित्राच्या दोन प्रमाणित पद्धतींपैकी कोणती, हा असतो. पॅलमध्ये चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे, म्हणजे स्थिर चित्रांचे, असते; एनटीएससीमध्ये ते ७२० बाय ४८० बिंदूंचे आणि सेकंदाला २९.९७ फ्रेमचे असते. डिस्क जिथे पाहिली जाणार तिथली पद्धत निवडावी, हा सामान्य नियम आहे. पण मूळ फाइलचा वेगही विचारात घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मोबाइलचे चित्रण बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचे असते आणि ते २५ वर आणताना काही फ्रेम गाळल्या जातात, त्यामुळे चालणारी माणसे किंवा आडवा फिरणारा कॅमेरा अडखळल्यासारखा दिसतो. पॅल भागांत विकले जाणारे बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्कही चालवतात, तेव्हा अशा चित्रणासाठी एनटीएससीच निवडणे अधिक चांगले ठरते. उलट दिशेने मात्र ही सवलत गृहीत धरू नये, कारण फक्त एनटीएससीसाठी बनवलेल्या अनेक प्लेअरना पॅल डिस्क चालत नाही.

मोबाइलच्या फाइलींची आणखी एक अडचण असते: त्यांतील फ्रेमचा वेग स्थिर नसतो, प्रकाश कमी झाला की तो बदलतो. अशी फाइल थेट डीव्हीडीसाठी दिली, तर सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटाकडे जाता जाता ओठांच्या पुढे किंवा मागे पडू शकतो. यासाठी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आधी स्थिर फ्रेमवेगाच्या फाइलमध्ये बदलून घ्यावी आणि गुणवत्तेचे आरएफ मूल्य (ते जितके कमी तितके चित्र चांगले) १६ ते १८ ठेवावे, म्हणजे या मधल्या पायरीत चित्राची फारशी झीज होत नाही. हँडब्रेक डीव्हीडीची रचना तयार करत नाही. त्याचा उपयोग एवढ्या तयारीपुरताच आहे. चित्रण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा आणि रंगांचा मोठा पल्ला टिपणारे, असेल, तर तेही याच टप्प्यावर नेहमीच्या पल्ल्याच्या एसडीआरमध्ये आणावे, नाहीतर दूरचित्रवाणीवर रंग फिके आणि धुरकट दिसतात.

आता बिटरेटकडे, म्हणजे दर सेकंदासाठी किती बिट वापरायचे या आकड्याकडे, वळू. डीव्हीडीची गुणवत्ता सर्वांत जास्त याच आकड्यावर अवलंबून असते आणि नेमके याच ठिकाणी बहुतेक जण हावरेपणा करतात. एका थराच्या डिस्कवर ४७० कोटी बाइट मावतात. संगणक हेच माप ४.३८ जीबी असे दाखवतो, त्यामुळे ४.७ जीबीची फाइल मावेल असे समजू नये. रचनेसाठी आणि सुरक्षिततेसाठी थोडी जागा सोडली, तर सुमारे ३,६०० कोटी बिट हाती राहतात. या संख्येला चित्रफितीच्या एकूण सेकंदांनी भागावे. दोन तासांच्या, म्हणजे ७,२०० सेकंदांच्या चित्रफितीसाठी सेकंदाला ५० लाख बिट, अर्थात ५ मेगाबिट मिळतात आणि त्यातून आवाजाचे सुमारे ०.२ मेगाबिट वजा करता चित्रासाठी ४.८ उरतात. दीड तासासाठी हाच आकडा ६.५ च्या आसपास येतो. तीन तासांसाठी तो जेमतेम ३.१ वर घसरतो. चित्रासाठी कमाल मर्यादा ९.८ मेगाबिटची आहे, तरीही छोट्या चित्रफितीला ८ च्या वर नेऊ नये. घरी लिहिलेल्या डिस्कवरून एवढा वेग सतत वाचणे जुन्या प्लेअरना जड जाते. माझ्या मते एका डिस्कवर दोन तासांपेक्षा अधिक काही भरू नये. हाताने धरलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण, हलणारी पाने, पाणी, गर्दी यांना जास्त बिट लागतात, आणि ते मिळाले नाहीत की चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते. जास्त लांबीची चित्रफीत दोन डिस्कवर विभागणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

आवाजासाठी एसी-३ पद्धत, ४८ किलोहर्ट्झ आणि दोन वाहिन्यांसाठी १९२ किलोबिट ही निवड सगळीकडे चालते.

रचना उभारण्यासाठी डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. नवा प्रकल्प उघडताना ते डिस्कची क्षमता, पॅल की एनटीएससी, ४:३ की १६:९ आणि आवाजाची पद्धत विचारते. वर ठरवलेली उत्तरे तिथे द्यावीत आणि बिटरेट आपोआप ठरवण्याचा पर्याय ठेवला, तरी तो आकडा आपल्या गणिताशी पडताळून पाहावा. रुंद चित्रासाठी १६:९ च निवडावे, अन्यथा माणसे उंच आणि बारीक दिसतात. उभ्या धरलेल्या मोबाइलचे चित्रण ताणू नये. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात. मेन्यू ठेवायचा असेल, तर त्यातील अक्षरे आणि बटणे कडांपासून बरीच आत घ्यावीत, कारण जुने दूरचित्रवाणी संच चित्राच्या कडा कापून दाखवतात. उपशीर्षके देवनागरीत असतील, तर जोडाक्षरे नीट जुळतात की तुटतात, हे एका छोट्या तुकड्यावर आधीच तपासावे. डीव्हीडीवर उपशीर्षके मजकूर म्हणून न राहता चित्ररूपात साठतात, त्यामुळे नंतर दुरुस्ती करता येत नाही. तुटत असतील, तर हँडब्रेकच्या टप्प्यावरच ती चित्रात कायमची मिसळून घ्यावीत.

सगळे तयार झाल्यावर लगेच डिस्क लिहिण्याऐवजी आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधील प्रतिमा, बनवण्याचा पर्याय निवडावा. ती व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये उघडून मेन्यूची बटणे, आवाजाचा मेळ आणि विशेषतः शेवटची पाच मिनिटे पाहावीत. समाधान झाल्यावर विंडोजवर इमगबर्न किंवा लिनक्सवर के३बी हे डिस्क लिहिण्याचे सॉफ्टवेअर वापरून ती एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या डिस्कवर उतरवावी. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क चाचणीसाठी ठीक असतात, पण त्यांचा पृष्ठभाग प्रकाश कमी परावर्तित करतो आणि काही जुन्या प्लेअरना त्या वाचता येत नाहीत. लेखनाचा वेग ४ किंवा ८ पट ठेवावा, लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू असू द्यावा आणि डिस्क फायनलाइज झाली आहे, म्हणजे तिचे लेखन पूर्ण करून ती बंद केली आहे, याची खात्री करावी. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने तिचा तोल बिघडतो. नाव डिस्कसाठीच्या मार्करने लिहावे. पहिली प्रत ज्या प्लेअरसाठी केली आहे त्यावर अखेरपर्यंत चालवून पाहावी आणि मगच त्याच आयएसओवरून बाकीच्या प्रती काढाव्यात.