लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडीची इमेज टर्मिनलवरून कशी काढावी

२००० नंतरच्या दशकात लग्नामुंजीचं शूटिंग हातात यायचं ते व्हीसीडीवर, नंतर डीव्हीडीवर. अशा राइट केलेल्या डिस्कमध्ये डेटा सेंद्रिय रंगाच्या थरात असतो आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो थर खराब होत जातो. म्हणून डिस्क चालते आहे तोवरच तिची इमेज काढा. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर एका खराब सेक्टरपाशी, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या एका छोट्या तुकड्यापाशी, सगळं अडकतं. इमेजमध्ये पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं जसंच्या तसं एका फाइलीत उतरतं, डीव्हीडीच्या मेनूसकट.

आधी डिस्क पुसून घ्या. मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवायचं, गोल कधीच नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. सीडीच्या छापील बाजूलाही जपा, कारण चकाकणारा थर त्या बाजूच्या पातळ लॅकरखालीच असतो. तिथे खोल ओरखडा गेला की तेवढा भाग कायमचा गेला.

पुढचं उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींसाठी आहे. आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. 'डेव्ह' म्हणजे डी-ई-व्ही, 'एसआर०' म्हणजे एस-आर-शून्य. तो तुमचा ड्राइव्ह. फाइलीचं नाव मात्र खुशाल मराठीत ठेवा.

सुडो एपीटी इन्स्टॉल जीडीडीरेस्क्यू

पॅकेजच्या नावात सुरुवातीला 'जी' आहे, आज्ञेत नाही. डिस्क घाला, आपोआप माउंट झाली (म्हणजे फाइली दिसायला उघडली गेली) असेल तर अनमाउंट करा, आणि:

डीडीरेस्क्यू -एन -बी२०४८ /डेव्ह/एसआर० लग्न.आयएसओ लग्न.मॅप

बरेच जण यासाठी साधं 'डीडी' वापरतात. डिस्क धड असेल तर तेही चालतं, पण न वाचता येणारा पहिला सेक्टर लागला की ते थांबतं. डीडीरेस्क्यू खराब जागा सोडून पुढे जातं, चांगला भाग आधी उचलतं आणि काय राहिलं ते मॅप फाइलीत लिहून ठेवतं. २०४८ म्हणजे एका डेटा सेक्टरचे बाइट. मध्येच वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा द्या, काम राहिलं तिथून सुरू होतं. मग राहिलेल्या जागांवर दुसरा हात फिरवा:

डीडीरेस्क्यू -डी -आर३ -बी२०४८ /डेव्ह/एसआर० लग्न.आयएसओ लग्न.मॅप

तरीही काही उरलं तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा. एका ड्राइव्हला न जमलेला सेक्टर दुसरा वाचतो, असं पुष्कळदा होतं. शिवाय लग्नाच्या डिस्कची एक प्रत मुलाकडे, एक मुलीकडे असतेच. दोन्ही एकाच मूळ इमेजवरून काढलेल्या असतील तर दुसरी प्रत घालून त्याच मॅप फाइलीने हीच आज्ञा द्या; पहिल्या प्रतीतली भोकं दुसरीतून भरतात. दोन्हींचा आकार जुळतो का, तेवढं आधी पाहा. काही सीडींवर शेवटचे दोनच सेक्टर वाचता येत नाहीत. ते लिहिण्याच्या पद्धतीमुळे उरलेले असतात, त्यात तुमचं काही नसतं.

व्हीसीडीचं तंत्र वेगळं आहे. डिस्कवर 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसला तर ती व्हीसीडी. तिच्या व्हिडिओचे सेक्टर २०४८ बाइटांच्या साच्यात बसत नाहीत, त्यामुळे वरची पद्धत चुका दाखवत राहते आणि चांगली डिस्क मेली असं वाटतं. तिच्यासाठी सीडीआरडीएओ हे पॅकेज घ्या:

सीडीआरडीएओ रीड-सीडी --रीड-रॉ --डेटाफाइल लग्न.बिन --डिव्हाइस /डेव्ह/एसआर० लग्न.टीओसी

या बिन फाइलीतून व्हिडिओ सुटा करायला व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं 'व्हीसीडीएक्सरिप' आहे.

डीव्हीडीची आयएसओ फाइल व्हीएलसीमध्ये थेट उघडा आणि मधले प्रसंगही पुढे-मागे करून पाहा. मग 'एसएचए२५६सम लग्न.आयएसओ' चालवून आलेला आकडा टिपून ठेवा, प्रत्येक नव्या प्रतीवर तोच आला पाहिजे. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि भरलेली डीव्हीडी ४.७ जीबीपर्यंत जाते, तेव्हा तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.