शिवायचं मन होतंय? आधी पेटी उघडा

मोबाईलवर सुंदर भरतकाम बघून हुरूप येतो आणि सुई हातात घेतली की तासाभरात ओसरतो. कारण तिथे दिसतं ते दहा-पंधरा वर्षं बसलेल्या हाताचं काम. हुरूप टिकवायचा तर घरातली पेटी किंवा कपाटाचा वरचा कप्पा उघडा. आईची जुनी सुती साडी हाती लागली की गोधडीचं निम्मं काम झालं. खानदेशात गोधड्या उन्हाळ्यात, शेतातली कामं सरल्यावर शिवायला काढतात. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी असतात, ओट्यावर चार हात एकाच गोधडीवर चालतात. शेजारी अशी गोधडी शिवत असतील तर तासभर नुसतं जाऊन बसा, टाका आपोआप डोळ्यात बसतो. रंग कसे जोडावेत हे शिकायचं तर बंजारा तांड्यावरच्या बायकांचं जुनं काम पाहा. लाल-निळ्या कापडावर आरसे आणि कवड्या, मोजक्या रंगांत केवढा उठाव!

पहिलं काम मात्र लहान घ्या. पूर्ण गोधडी घेऊ नका, अर्ध्यावर पडते. तान्ह्या बाळाची, 75 बाय 90 सेंटिमीटरची गोधडी पुरे. तिला एक पाचवारी सुती साडी लागते. साडी उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी ताणा. जिथे विरलेली असेल तिथला भाग सोडून द्या, टाका तिथे धरत नाही. लाल किंवा गडद रंग असेल तर ओलं पांढरं फडकं चोळून बघा. रंग लागला तर ती साडी बाळासाठी नको. पॉलिस्टरही नको. घड्या घसरतात, सुई अडते आणि आपल्याकडच्या वैशाखात तर अंगाखाली नकोच.

साडी धुऊन, खळ पूर्ण काढून वाळवा. 95 सेंटिमीटर लांबीचे 4 तुकडे पाडा. कात्रीने फक्त दोन बोटं छेद द्यायचा, पुढे हाताने टरकावायचं, म्हणजे कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. मग प्रत्येक तुकड्याचा एका बाजूचा काठ 6 सेंटिमीटर रुंदीचा काढून ठेवा, त्याचा गोट, म्हणजे कडेभोवतीची पट्टी होईल. जरीचा काठ असेल तर तो वापरू नका, बाळाला टोचतो. त्याऐवजी साडीच्या उरलेल्या भागातून तेवढीच पट्टी पाडा. तुकड्यांची रुंदी 80 ठेवा, कडेचं जास्तीचं नंतर कापू.

आता चारही थर सपाट जमिनीवर पसरून इस्त्री फिरवा आणि कच्चा टाका घाला. इथेच बहुतेकांचं बिघडतं. कडेपासून सुरुवात केली की सगळं कापड मधे गोळा होतं आणि चुणी पडते. म्हणून मधून कडांकडे जा, 10-10 सेंटिमीटरवर लांब टाके घाला. हा टाका शेवटी उसवायचाच आहे, सुबक दिसायची गरज नाही.

मग धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा सरळ टाका. साबणाच्या सुक्या चिपटीने 2 सेंटिमीटर अंतरावर रेघा मारा. जाड सुती दोरा हातभरच, दुहेरी घ्या. लांब घेतलात की गुंता होतो आणि कापडातून वारंवार ओढल्याने दोरा विरतो. गाठ थरांच्या मधे लपवा. सुईवर तीन-चार टाके एकदम भरायचे, मग दोरा ओढायचा आणि अंगठ्याने टाक्यांवरून मागे हात फिरवून कापड सैल करायचं. घट्ट ओढलं की ओळ आक्रसते. चार थर टोचताना बोट दुखतंच, मधल्या बोटात अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी) घाला. दुपारी हात घामेजले तर सुई निसटते, बाजूला कोरडं फडकं ठेवा.

ओळी साधारण 37 होतात. रोज 3 घातल्या तर 12-13 दिवसांत उरकतं. पहिल्या 5-6 ओळी वाकड्यातिकड्या येणारच, त्या उसवत बसू नका. सातव्या-आठव्या ओळीला हात लयीत येतो, तेव्हा थांबूच नये असं वाटतं.

ओळी संपल्या की कच्चा टाका उसवा, कडा 75 बाय 90 ला कापा. काठ एकमेकांना जोडून साडेतीन मीटरची पट्टी करा, दोन्ही कडा 1-1 सेंटिमीटर आत मुडपा, मधे घडी घालून कडेवर चढवा. कोपऱ्यावर पट्टी तिरपी दुमडून मगच वळवा, नाहीतर तिथे टोक उघडं राहतं. घरात मशीन असेल तर गोट मशीनवर मारायला हरकत नाही, बाकी हातानेच.

पहिली धुलाई गार पाण्यात. उलटी करून सावलीत वाळवा, जळगावच्या मे महिन्याच्या उन्हात रंग उडतो. साडीचा मीटरभर तुकडा उरलाच असेल. तो घडी घालून सुई-दोऱ्याच्या डब्यात ठेवा, पुढच्या कामाची सुरुवात तिथूनच करायची.