तरंगत्या मेणबत्त्या एका कोपऱ्यात जमायच्या, त्यावर हा उपाय चालला

काचेच्या मोठ्या बाऊलमध्ये तरंगत्या मेणबत्त्या सोडल्या की दिसतात मस्तच, पण थोड्या वेळात सगळ्या सरकून काठाला चिकटायच्या, एकीची ज्योत दुसरीच्या मेणाला लागून कड वितळायची आणि मेण पाण्यात ओघळून दोन्ही विझायच्या. मुळात पाण्याच्या पृष्ठताणामुळे तरंगत्या वस्तू एकमेकांकडे ओढल्या जातात, त्यात फॅनचा वारा. मग मी मेणबत्त्या कमी केल्या आणि मधल्या जागेत देठ अगदी आखूड कापलेली फुलं सोडली, बास, त्या जागच्या हलेनात!

दुसरा त्रास वात चरचरून विझण्याचा. मेण पाण्यापेक्षा थोडंसंच हलकं असतं, त्यामुळे मेणबत्तीचा बहुतेक भाग बुडालेलाच राहतो आणि वरून पाणी ओतलं की वात भिजतेच. म्हणून आधी पाणी भरायचं, ते पूर्ण शांत होऊ द्यायचं, वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापायची आणि मग मेणबत्ती हलक्या हाताने सपाट सोडायची. भिजलीच तर टिश्यूने दाबून टिपून घ्या. आणि हो, पडद्यापासून लांब ठेवा, खोलीत कोणी नसेल तर पेटती ठेवूच नका.