काँक्रीटच्या खेपांचे सिम्युलेशन: वेळेसाठी कोणते वितरण घ्यावे?

स्लॅब टाकायला किती ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहून आणणारे ट्रक) लागतील हे सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावर खेपांची नक्कल चालवून, काढता येते. पण प्रत्येक कामाची नुसती सरासरी वेळ भरली, तर कागदावर रांग लागत नाही आणि पंपही रिकामा राहत नाही. साइटवर दोन्ही होते. म्हणून सरासरीऐवजी वितरण भरायचे, म्हणजे कोणती वेळ किती वेळा येऊ शकते याचे गणिती रूप.

१. खेपेचे तुकडे पाडा: प्लांटवर भरणे, प्रवास, रांग, ओतणे, परतणे. रोजच्या नोंदवहीत ‘ओतणे’ म्हणून लिहिलेल्या वेळेत बरेचदा थांबणेही मिसळलेले असते. म्हणून स्टॉपवॉच घेऊन उभे राहाच. रांगेची वेळ मोजा, पण मॉडेलमध्ये भरू नका. ती मॉडेलमधून निघायला हवी.

२. आकड्यांचा हिस्टोग्राम (कोणती वेळ किती वेळा आली याचा स्तंभालेख) काढा. दोन उंचवटे दिसले तर बहुधा दिवसाच्या आणि रात्रीच्या खेपा एकत्र झाल्या आहेत. त्या वेगळ्या करा.

३. आता वितरण. नॉर्मल (सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरणारे, घंटेच्या आकाराचे) सोयीचे वाटते, पण त्यातून कधी ऋण वेळही निघू शकते. शिवाय काम अमुक एका वेळेपेक्षा लवकर होत नाही, उशीर मात्र बराच होऊ शकतो. आलेख उजवीकडे लांबतो. प्रवासाला लॉगनॉर्मल (ऋण न होणारे, उजवीकडे लांबणारे) घेऊन पाहा, ओतण्याला बीटा (दोन मर्यादांच्या आत राहणारे). अबूरिझ्क आणि हॅल्पिन या संशोधकांनी १९९०च्या दशकात बांधकामातील वेळांसाठी बीटाचाच पुरस्कार केला. पंपाचे बिघाड वेगळे धरा. एक्स्पोनेन्शियल (बिघाडाची शक्यता वयानुसार न बदलणारे) घेतले, तर जुना पंप नव्याइतकाच भरवशाचा ठरतो! झिजणाऱ्या यंत्राला वायबुल (वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढवता येणारे) बरे.

४. नोंदीच नसतील तर फोरमनला कमीत कमी, नेहमीची आणि जास्तीत जास्त अशा तीन वेळा विचारा. समजा उत्तर आले ८, १० आणि २४ मिनिटे. त्रिकोणी वितरणाची सरासरी (८+१०+२४)/३ म्हणजे १४ मिनिटे; पर्टची (नेहमीच्या वेळेला चौपट वजन देणाऱ्या वितरणाची) (८+४×१०+२४)/६ म्हणजे १२. उत्तरे तीच, तरी २० खेपांत ४० मिनिटांचा फरक! फोरमनच्या ‘जास्तीत जास्त’वर भरवसा नसेल तर पर्ट घ्या, त्यात टोकाच्या आकड्याचे वजन कमी असते.

५. कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी (नोंदी निवडलेल्या वितरणाशी जुळतात का हे पाहणारी) जरूर करा, पण दहाबारा नोंदींवर जवळपास कुठलेही वितरण पास होते. त्यापेक्षा वितरण बदलून मॉडेल पुन्हा चालवा. मिक्सरची संख्या तीच राहिली, तर वितरणावर आणखी वेळ घालवू नका. बदलली, तर मोजून ठेवलेल्या रांगेशी ज्याची रांग जुळते ते ठेवा.